खोड जाड होतं कसं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोनच अटी घातल्या. पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही, आणि कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. दुसरी अट ऐकून मला हायसं वाटलं. आठवडाभर ऑफिसात तेच करते, निदान रविवारी तरी सुटका हवी.

रविवारी मी काय करते ते आपल्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कुंड्यांचे फोटो तुम्ही निमूटपणे सहन करता, अंगठे दाखवता. पण गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला वेगळा मेसेज करून एकच प्रश्न विचारला. "अगं, मी पण वडाचं बोन्साय केलंय. तीन वर्षं झाली, जगलंय छान, पण खोड अजून काडीसारखंच आहे. ते जाड कशानं होतं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, आज सगळ्यांना मिळून सांगावं. शिवाय समोर आपल्या जीवशास्त्राच्या बाई बसल्या आहेत. माझं काही चुकलं तर त्या हात वर न करता मध्येच बोलू शकतात. तो त्यांचा जुना हक्क आहे.

आपण काय करतो ते आधी सांगते. वांगणीच्या किंवा बदलापूरच्या नर्सरीतून वीतभर उंचीचं वडाचं रोप आणतो. त्याच दिवशी ते चपट्या, सुंदर ट्रेमध्ये लावतो. तार गुंडाळतो. नवीन पान आलं की लगेच खुडतो, कारण बोन्साय म्हणजे लहान ठेवायचं ना! तीन वर्षांनी झाड लहानच राहतं, त्यात काही चूक नाही. पण ते जुनं दिसत नाही. बोन्साय बघून आपण थबकतो ते त्याच्या लहानपणामुळे नव्हे. बुंधा रुंद, वर जाता जाता निमुळता, मुळं चारी बाजूंनी मातीला धरून बसलेली, असं वावभर झाडाचं रूप हातभर उंचीत दिसतं म्हणून थबकतो. हा बुंधा ट्रेमध्ये तयार होत नाही. तो आधी बाहेर तयार करावा लागतो आणि मग झाड ट्रेमध्ये येतं. ट्रे ही शेवटची पायरी आहे, आपण ती पहिली करतो.

आता बाईंचा तास. आठवतंय, बाईंनी फळ्यावर एकात एक गोल काढले होते? खोडाचा आडवा छेद. बाहेर साल, आत लाकूड आणि या दोघांच्या मध्ये एक पातळ थर, एधा. हा थर आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला साल. खोड जाड होतं ते या एकाच थरामुळे. पण त्याला काम करायला अन्न लागतं. ते पानं तयार करतात आणि ते सालीच्या आतल्या भागातून खाली उतरतं. म्हणजे हिशेब सरळ आहे. जेवढी पानं, तेवढं अन्न. जेवढं अन्न, तेवढं नवीन लाकूड. आपण दर आठवड्याला पानं खुडतो तेव्हा कामगारांची मजुरी कापतो आणि वर विचारतो, इमारत का उठत नाही.

गणिताच्या सरांसाठी एक वाक्य. खोडाचा व्यास दुप्पट व्हायचा तर छेदाचं क्षेत्रफळ चौपट व्हावं लागतं. म्हणून डोळ्यांना थोडासा वाटणारा फरक झाडासाठी फार मोठं काम असतं. आणि हो, बांबू किंवा नारळाचं बोन्साय करायला निघू नका. त्यांच्यात हा एधाचा थरच नसतो, त्यामुळे त्यांचं खोड वडासारखं वर्षानुवर्षं जाड होत जात नाही.

नुसत्या वयानं खोड जाड होत नाही, याचा पुरावा बघायला जपानला जायला नको. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात तो भिंतीभिंतीवर उगवलेला आहे. उल्हासनगर म्हणजे मूळचा लष्कराचा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींत जागा दिली आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. अशा जुन्या बांधकामांच्या भेगांत, चाळींच्या कठड्यांवर, पाण्याच्या टाक्यांखाली वड-पिंपळ उगवलेले तुम्ही रोज बघता. पक्षी फळं खातात, विष्ठेतून बी भेगेत पडतं, आणि मूठभर धुळीवर झाड तगून राहतं. दहा-दहा वर्षं असं झाड तिथे असतं आणि खोड अंगठ्याएवढं. त्याच जातीचा वड रस्त्याच्या कडेला मोकळ्या जमिनीत असेल तर काही वर्षांत दोन हातांत मावत नाही. जात तीच, पाऊस तोच. फरक मुळांना मिळालेल्या जागेचा आणि त्यामुळे वर फुटलेल्या पानांचा.

माझा वड असाच भिंतीवरचा. बदलापूरच्या आमच्या घराच्या गच्चीच्या कठड्यात तो होता. २०१७ च्या जूनमध्ये रंगकाम काढलं तेव्हा रंगारी म्हणाला, "ताई, हे ॲसिड टाकून मारू या, नाहीतर भिंत फोडेल." त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हटलं, मारू नका, काढा. पहारीनं भेग थोडी मोठी करून त्यानं तो मुळांसकट सोडवला. खोड दोन सेंटिमीटरचं, आपल्या अंगठ्याएवढं. मागच्या अंगणात खड्डा केला, तळाशी एक जुनी लादी आडवी टाकली आणि तिच्यावर मुळं पसरून तो लावला. लादी यासाठी की मुळं सरळ खाली न जाता आडवी पसरावीत. पुढे बुंध्याला जो पाया दिसतो तो त्यामुळे मिळतो.

पुढच्या फेब्रुवारीत, २०१८ साली, पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मनगटाएवढे, मांडीएवढे बुंधे बघितले आणि घरी येऊन ठरवलं की याला निदान चार पावसाळे कात्री लावायची नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, "हे तुझं बोन्साय का गं? गच्चीला टेकलं की!" २०२१ पर्यंत ते खरंच बारा फूट झालं आणि बुंधा मनगटाएवढा.

मग मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, मी ते जमिनीपासून एक वीत ठेवून करवतीनं आडवं कापलं. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पण वडाची जात चिवट. पांढरा चीक ओल्या फडक्यानं पुसला, जखमेवर बुरशीनाशकाची पेस्ट लावली आणि पाऊस सुरू झाल्यावर बुंध्यावर ठिकठिकाणी कोंब फुटले. त्यातला वरचा एक नवा शेंडा म्हणून ठेवला. तो बारीक, त्याच्याखालचा बुंधा जाड, म्हणजे निमुळतेपणा आपोआप आला. असं वाढवणं आणि कापणं दोन-तीनदा केलं की खोड खरं वाटू लागतं. साधारण अंदाज म्हणून, तयार झाडाची उंची बुंध्याच्या व्यासाच्या सहापट धरतात. बुंधा दहा सेंटिमीटर तर झाड साठ सेंटिमीटर.

"तुझं अंगण आहे, आम्ही सातव्या मजल्यावर राहतो," हे तुम्ही म्हणणार. त्यांच्यासाठी सांगते. शोभेची कुंडी विसरा. स्वयंपाकघरातली मोठी प्लास्टिकची चाळणी किंवा भाजीवाल्याकडचा क्रेट घ्या. मूळ भोकापाशी येऊन हवेला लागलं की त्याचं टोक सुकतं आणि मागे नवीन फाटे फुटतात, त्यामुळे मुळं गोल गोल गुंडाळली जात नाहीत. मातीत चाळलेले विटांचे बारीक तुकडे निम्मे, बाकी माती आणि गांडूळखत. पाणी साचता कामा नये. पाच-सहा तास ऊन मिळेल अशा गॅलरीत ठेवा, हॉलमध्ये टीव्हीशेजारी नको. पावसाळ्यात हात आवरा, वाढू द्या. आणि रोपाला काठीचा आधार बांधून ठेवू नका. वाऱ्यानं हललेलं खोड बुडाशी जास्त जाड होतं, बांधलेलं खोड नुसतं उंच जातं. घाई असेल त्यांनी वडाची चार-पाच कोवळी रोपं एकत्र घट्ट बांधावीत. काही वर्षांत त्यांची खोडं एकमेकांत मिसळून एक होतात. तार मात्र खोडावर विसरू नका. जाड होणाऱ्या खोडात ती रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षं दिसतो.

आता दुसरा प्रश्न, जो मेसेजमध्ये कुणी विचारत नाही पण घरी आल्यावर सगळे विचारतात. "झाडाला त्रास होत नाही का गं?" मी जे बघितलंय ते सांगते. उपाशी ठेवलेलं झाड बोन्साय होत नाही, ते मरतं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. ते १६२५ पासून बोन्साय म्हणून सांभाळलं जातंय. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात, यामाकी कुटुंबाच्या घरी होतं आणि वाचलं. १९७६ साली त्या कुटुंबानं ते अमेरिकेला भेट दिलं. चारशे वर्षं एक झाड कुंडीत जगतं ते पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी रोज पाणी घालतं म्हणून. आपल्या भिंतीवरच्या वडांना तेवढं नशीब नसतं.

आता एका फांदीबद्दल सांगायचं आहे, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी बोलायला हो म्हटलं.

बुंधा लवकर जाड करायचा तर अगदी खालची एक फांदी मोकळी सोडतात. तिला वळण द्यायचं नाही, छाटायचं नाही. ती वेडीवाकडी, लांबलचक वाढते, झाडाचं रूप बिघडवते. बघणाऱ्याला वाटतं, ही कशाला ठेवलीय? पण तिच्या पानांनी केलेलं अन्न तिच्या बुडातून खाली खोडात उतरतं आणि तिच्या खालचा सगळा बुंधा भरत जातो. तिच्या वरच्या भागाला त्याचा काही फायदा नाही, फक्त खालच्या. बुंधा हवा तेवढा झाला की ही फांदी कापून टाकतात. काही वर्षांत साल जखमेवर चढते आणि व्रणही शोधावा लागतो. इंग्रजीत तिला ‘सॅक्रिफाइस ब्रांच’ म्हणतात. बळीची फांदी. प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या झाडावर ती कधीच नसते, पण बुंधा तिचाच असतो.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, आपण शाळेत असताना अंबरनाथच्या कारखान्यांचे भोंगे झाले की आयांना वेळ कळायची. त्यातल्या एका कारखान्यात माझे बाबा होते. १९९३ मध्ये तो बंद पडला. ताई तेव्हा नुकतीच बारावी झाली होती, चांगल्या मार्कांनी. ती आपल्याच शाळेची, आपल्यापुढे काही वर्षं. बाईंना तिची वही आठवत असेल, कारण नंतर तीच वही मला दाखवून त्या म्हणायच्या, "बघ, आकृती अशी काढायची."

त्या जूनमध्ये ताईनं कॉलेजात नाव घातलं नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या एका कंपनीत ती पॅकिंगला लागली. सकाळी सहाची पाळी असेल तर पाचच्या आधी घरातून निघायची. पगार चौदाशे रुपये. मी १९९८ ला इंजिनिअरिंगला गेले. माझी फी, माझा लोकलचा पास, ड्रॉइंगचा बोर्ड, पहिल्या वर्षी लागलेली ती जाडजूड पुस्तकं, सगळं त्या पाकिटातून आलं. २००२ मध्ये मला नोकरी लागली तेव्हा सत्कार माझा झाला. आपल्याच शाळेनं बोलावलं होतं, याच व्यासपीठावर. ताईची त्या दिवशी दुसरी पाळी होती.

या सभागृहात असं माझं एकटीचंच घर नाही, हे मला माहीत आहे. कुणाचा मोठा भाऊ उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात लवकर लागला. कुणाच्या आईनं रात्री जागून शिवणकाम केलं. कुणाच्या काकांनी लग्न लांबवलं. आपल्या नावापुढे पदव्या आल्या, त्यांची नावं पत्रिकेत नसतात. पण घराचा बुंधा बघितला की कळतं, हे अन्न कुठून उतरलं ते.

ही बळीच्या फांदीची गोष्ट मी गेल्या वर्षी ताईला अंगणात उभी राहून सांगितली. मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. ती म्हणाली, "बळी कसला गं? मला कोण कापतंय?" आणि म्हणाली, "मी तेव्हा नोकरी केली कारण घर चालायला हवं होतं आणि मला यायचं चालवायला. तिथेच मी सुपरवायझर झाले. तू काय समजतेस, मी सुकून पडले?" आणि खरंच, आज ती चाळीस बायकांचा बचत गट चालवते, त्यांचे हिशेब बघते, बँकेत मॅनेजरशी माझ्यापेक्षा ठणकावून बोलते. मग तिनं त्या फांदीकडे बघून विचारलं, "आणि ही कापून टाकणार म्हणतेस, ती वडाची आहे ना? वडाची फांदी टाकतात होय? लावतात."

माझ्या डोक्यात नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून त्या फांदीला गुटी बांधली. कोकणात माहेर असलेल्यांना गुटी सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. जुलैमध्ये फांदीच्या बुडाशी दोन बोटं रुंदीची साल गोलाकार काढली. त्यावर ओलं शेवाळ गुंडाळलं, वरून प्लास्टिक बांधलं. साल काढली की पानांतून येणारं अन्न खाली जाऊ शकत नाही, ते कापाच्या वर अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. आतल्या लाकडातून पाणी मात्र वर जात राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. म्हणजे बघा, त्या दिवसापासून तिनं बुंध्याला देणं थांबवलं आणि स्वतःची मुळं धरायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं दिसली. मुळांच्या खाली करवत लावली, फांदी वेगळी केली आणि मोठ्या पिशवीत लावली.

आज हिशेब असा आहे. अंगणातल्या वडाचा बुंधा दहा सेंटिमीटर झालाय. दोनाचा दहा, म्हणजे छेद पंचवीसपट. येत्या फेब्रुवारीत मी तो जमिनीतून काढून पहिल्यांदा कुंडीत लावणार आहे. लावलाच पाहिजे, कारण आमचं घर पुनर्विकासाला चाललंय आणि अंगण राहणार नाही. तो आता हातभर उंच राहील, माझ्या गॅलरीत. त्याला रोज पाणी घालावं लागेल.

फांदी मात्र माझ्या खांद्याच्याही वर गेली आहे. ती गॅलरीत मावणार नाही आणि मला ती मावायला नको आहे. मुख्याध्यापिका बाईंनी शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात जागा दाखवली आहे. इमारतीपासून, टाकीपासून, कुंपणाच्या भिंतीपासून लांब, कारण वडाला जागा लागते हे आपण भिंतींवर बघितलंय. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की ती तिथे लावायची. तिच्याखाली लादी टाकायची नाही, तिला तार लावायची नाही, कुणी तिची उंची ठरवायची नाही. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी कुणी घालायचं, त्याची पाळी लावायला हवी. ग्रुपवर मी यादी टाकते. अंगठा दाखवून चालणार नाही, नाव लिहायचं.

खड्ड्यात पहिली माती ताई घालणार आहे. ती आज आली आहे, मागून तिसऱ्या रांगेत, निळ्या साडीत. व्यासपीठावर ये म्हटलं तर यायला तयार नाही. बाई, तुम्हीच हाक मारा. तुमचं ती ऐकेल.